ट्रकची रांग पुलानं कमी केली, पण एकट्या पुलानं नाही

ऊस घेऊन कारखान्याच्या गेटवर दोन-दोन दिवस उभं राहिलेल्या माणसाला रांगेचा तोटा वेगळा समजावून सांगायला नको. ऊस वाळतो, वजन घटतं आणि ट्रॅक्टरचा हप्ता काही थांबत नाही. आफ्रिकेतल्या झांबिया आणि बोत्स्वाना या दोन देशांच्या सीमेवर ट्रकवाल्यांची वर्षानुवर्षं हीच गत होती.

या दोन देशांच्या मधून झांबेझी नदी वाहते. काझुंगुला या ठिकाणी ट्रक फेरीबोटीवर चढवून पलीकडे न्यायचे. एका खेपेला जड ट्रक एक-दोनच बसायचे. त्यामुळं दोन्ही काठांवर रांगा लागायच्या आणि कित्येक दिवस मुक्काम पडायचा. धोकाही होताच. 2003 साली जास्त माल भरलेल्या ट्रकमुळं फेरीबोट उलटली आणि 18 जणांचा जीव गेला.

आता तिथं 923 मीटर लांबीचा पूल आहे. 10 मे 2021 रोजी तो सुरू झाला. आफ्रिकी विकास बँक आणि जपानच्या कर्जाची त्याला मदत झाली. हा पूल सरळ नाही, वळणाचा आहे. कारण या दोन देशांची सामाईक हद्द नदीत जेमतेम दीडशे मीटरची आहे. शेजारच्या झिम्बाब्वेच्या हद्दीत न जाता पूल न्यायचा, म्हणून त्याला वळण दिलं.

पण खरी गंमत पुढं आहे. नुसता पूल बांधला असता तर रांग नदीकाठावरून उठून कागदपत्रांच्या खिडकीपुढं गेली असती. कारण सीमेवर आधी एका देशाची तपासणी, मग पलीकडं दुसऱ्या देशाची, असा दुहेरी हेलपाटा असतो. म्हणून इथं पुलासोबतच एकत्र तपासणी नाकं उभारलं. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच ठिकाणी बसतात आणि ट्रकला दोनदा थांबावं लागत नाही.

याचा व्यापाराला फायदा कसा होतो? हिशेब साधा आहे. झांबिया आणि काँगोचं तांबं याच वाटेनं दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन बंदराकडं जातं. ट्रक सीमेवर उभा राहिला तरी ड्रायव्हरचा भत्ता आणि गाडीचा हप्ता चालूच असतो. तो खर्च मालाच्या भाड्यात धरला जातो. थांबणं कमी झालं, की तीच गाडी महिन्याला जास्त खेपा करते आणि भाडं उतरायला वाव मिळतो. नाशवंत माल असेल तर फायदा आणखी मोठा.

आपल्याकडचा कांदाही ट्रकनं बांगलादेशच्या सीमेपर्यंत जातो. तिथं गाडी अडकली तर कांदा सडतो आणि त्याची झळ शेवटी शेतकऱ्याच्या भावाला बसते. त्यामुळं नवा रस्ता किंवा पूल मंजूर झाल्याची बातमी आली, की एक प्रश्न जरूर विचारा : गाडी पलीकडं गेल्यावर कागद किती वेळात होणार?