मूक, मौन की शमन?

गेल्या वर्षी जीवशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने आपले मराठी टिपण भाषा तपासण्यासाठी माझ्याकडे आणले. त्यात एक वाक्य होते : ‘या आरएनएमुळे जनुक नष्ट होते.’ मी ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि टिपण परत दिले. चूक दाखवली ती तिच्या विषयाच्या प्राध्यापकांनी. जनुक नष्ट होतच नाही! साहित्याच्या माणसाने ज्या शब्दापाशी थबकायचे, तिथूनच मी पुढे गेलो होतो.

मग समजून घेणे भाग पडले. जनुक म्हणजे दफ्तरातला मूळ लेख. पेशी तो बाहेर नेत नाही, त्याची नक्कल धाडते. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. ती वाचून प्रथिन घडते. प्रयोगशाळेत सुमारे २१ अक्षरांचा, दुपदरी आरएनएचा तुकडा पेशीत सोडतात. आर्गोनॉट नावाचे प्रथिन त्यातला एक पदर धरून ठेवते आणि त्याच्याशी जुळणारी नक्कल गाठून कापते. मूळ लेख शाबूत राहतो.

दुपदरी आरएनएची ही करामत अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीत दाखवली. २००६ चे नोबेल त्यासाठीच. सस्तन प्राण्यांच्या पेशी मात्र लांब दुपदरी आरएनए दिसताच विषाणू आल्यासारख्या खवळतात. आखूड तुकडे तिथेही चालतात, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. तेव्हापासून एखादे जनुक काय करते हे पाहायचे, तर त्याच्या नकला कमी करून पेशीचे काय अडते ते पाहतात. धोका एवढाच, की थोडी अक्षरे जुळली तरी भलत्याच नकलेवर घाव पडू शकतो. म्हणून त्याच जनुकासाठी दुसरा, वेगळा तुकडा वापरून पाहतात आणि तुलनेला कशाशीही न जुळणारा निरर्थक तुकडाही ठेवतात. एकाच पोथीवर विसंबू नये, हे पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला नव्याने सांगायला नको.

आता शब्दाचे काय? ‘मौन’ आपण होऊन धरतात. इथे ते लादलेले आहे. ‘मूक’ म्हटले की कायमचे वाटते. प्रत्यक्षात विभागत राहणाऱ्या पेशींत हा परिणाम थोड्या दिवसांत ओसरतो आणि प्रथिनही बहुधा पूर्ण थांबत नाही. ताप शमतो, पुन्हा चढतोही. म्हणून मी ‘जनुकशमन’ सुचवले.

विद्यार्थिनीला ते पूर्ण पटले नाही. “सर, शमन म्हटलं की आपोआप निवल्यासारखं वाटतं. इथे तर कापाकापी आहे.” तिने वाक्य बदलून लिहिले : ‘या आरएनएमुळे जनुकाच्या नकला तुटतात.’ मी त्यात काही सुधारले नाही.