अनामिक माशाचे बारसे

बेळगावाहून निपाणीकडे जाणाऱ्या महामार्गावर काकती हे गाव लागते. राणी चन्नम्मेचे जन्मस्थान म्हणून इतिहासास ते ठाऊक आहे. माशांच्या संदर्भात त्याचे नाव घेण्याचा प्रसंग मात्र सहसा कोणावर येत नाही. समुद्र येथून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. गोवा, कारवार, मालवण येथली मासळी घाट चढून बेळगावच्या बाजारात येते, तेव्हा या भागातील माणसास सागराचे दर्शन घडते ते टोपलीतूनच.

परंतु पाण्याचा हिशेब माणसाच्या हिशेबाहून निराळा असतो. काकतीच्या साखर कारखान्याने जिचे नाव धारण केले आहे ती मार्कंडेय नदी पुढे घटप्रभेस मिळते. आंबोलीच्या डोंगरात उगम पावून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करणारी हिरण्यकेशीदेखील घटप्रभेसच मिळते. घटप्रभा कृष्णेस आणि कृष्णा आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरास. म्हणजे या पठारावरच्या ओढ्यात पडलेला पावसाचा थेंब अखेरीस समुद्रालाच जाऊन भेटतो. हे सारे येथे सांगावयाचे कारण एवढेच की, या पाण्याच्या उगमाशी २०२० साली एका माशाचे बारसे झाले, आणि त्या लहानशा घटनेत महासागराच्या तळाविषयी आम्हांस शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आंबोलीस हिरण्यकेशीचे मंदिर आहे. तेथील कुंडात व प्रवाहात लोच वर्गातील एक चिमुकला मासा राहतो. दर्शनास येणाऱ्या भाविकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाहिला असेल. २०२० साली तीन अभ्यासकांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि नदीच्याच नावावरून त्यास ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी, २०२१ साली, महाराष्ट्र शासनाने मंदिर परिसरातील सुमारे २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. मासा तोच, पाणी तेच, कुंडही तेच. बदलले ते एकच: जो कालवर अनामिक होता त्यास नाव मिळाले, आणि ज्यास नाव मिळाले त्यास संरक्षण मागता आले.

वृत्तपत्रांतून ‘नवी जात सापडली’ असे मथळे येतात. आमच्याही स्तंभांतून ते येत असतात. पण मासा नवा नसतो. नवी असते ती आपली नोंद. जात सापडणे ही एका क्षणाची गोष्ट असेल. तिचे वर्णन करणे हे मात्र अनेकदा वर्षांचे काम असते. कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत शरीराची मापे घ्यावयाची, परांतील काटे मोजावयाचे, दातांची रचना पाहावयाची, क्ष-किरणांच्या छायाचित्रावरून मणके मोजावयाचे, आणि मग त्या माशाच्या साऱ्या ज्ञात भाऊबंदांशी एकेक लक्षण ताडून पाहावयाचे. आता आनुवंशिक द्रव्याची तपासणीही केली जाते. इतके करून तो वेगळा ठरला, तर एक नमुना नावाचा आधार म्हणून संग्रहालयात कायमचा जपून ठेवावयाचा आणि वर्णन छापून प्रसिद्ध करावयाचे. पुढे शंभर वर्षांनी कोणास शंका आली, तरी त्याने त्या नमुन्यापाशी जाऊन पाहावे अशी ही व्यवस्था आहे. प्राण्यांच्या नावांपुरता तिचा आरंभ लिनिअसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून मानतात. आपल्याकडे बारशाच्या दिवशी मूल घरातल्यांच्या गणतीत येते. या बारशाने प्राणी साऱ्या जगाच्या गणतीत येतो.

गोड्या पाण्यातील माशांना, आणि किनाऱ्यानजीकच्या माशांना, विद्वानांच्या आधी लोकांनीच नावे दिलेली असतात. मुंबई सरकारच्या सेवेतील सैनिकी अधिकारी साइक्स याने दख्खनच्या माशांची वर्णने १८३९ साली प्रसिद्ध केली, तेव्हा आपल्या लोकांच्या तोंडची नावे त्याने तशीच लॅटिनच्या पंगतीस बसविली. ‘रोहटी’ हे एका कुळाचे शास्त्रीय नाव झाले. ‘नुकटा’ व ‘खुद्री’ ही दोन जातींची. किनाऱ्यावर तर या नामसंपत्तीस तोटाच नाही. एकाची सुरमई ती दुसऱ्याची इसवण, मुंबईचे पापलेट ते मालवणचा सरंगा. ज्याच्याशी नित्याचा संबंध, त्यास नाव. समुद्राशी आपला जो संसार चालला आहे, त्याची ही जमाखर्चाची वहीच म्हणावयाची.

दोनशे मीटरच्या खाली मात्र ही वही कोरी आहे. तेथे सूर्यप्रकाश जेमतेम पोहोचतो, आणि हजार मीटरांखाली मुळीच नाही. दर दहा मीटरांस हवेच्या एका थरागणिक दाब वाढत जातो. तीन हजार मीटरांवर तो पृष्ठभागाच्या सुमारे तीनशे पट होतो. तिथल्या अनेक माशांची शरीरे बुळबुळीत, हाडे मऊ, कातडी नाजूक. जाळ्यात येऊन वर पोहोचेपर्यंत त्यांचा आकार बिघडतो. औषधी द्रवात ठेवल्यावर रंग उडतो. ज्याचे वर्णन करावयाचे तो नमुना हाती येईतो निम्मा नाहीसा झालेला असतो. २०२५ साली अमेरिकेतील अभ्यासकांनी पॅसिफिकच्या खोल पाण्यातील तीन नव्या ‘स्नेलफिश’ जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील एक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर, ३,२६८ मीटर खोलीवर, दूरनियंत्रित यंत्राने २०१९ साली अलगद पकडलेली होती. हाती नमुना एकच, तोही दहा सेंटिमीटरांहून लहान. त्या एवढ्याशा जिवास नाव मिळावयास सहा वर्षे लागली.

आपल्या समुद्रात हे काम झालेच नाही असे नव्हे. ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सरकारी सर्वेक्षण जहाजावर १८८८ ते १८९२ या काळात आल्फ्रेड अल्कॉक हा डॉक्टर निसर्गनिरीक्षक म्हणून नेमलेला होता. जहाजाचे मुख्य काम नकाशे करण्याचे. फावल्या वेळात जाळे तळाशी सोडावयाचे आणि वर येईल ते नोंदवावयाचे. एवढ्या भांडवलावर त्याने भारतीय सागरातील खोल पाण्याच्या माशांची सूची सिद्ध केली व ती १८९९ साली कलकत्त्याच्या संग्रहालयातर्फे प्रसिद्ध झाली. १८९१ साली त्याने वर्णिलेल्या माशांत बंगालच्या उपसागरातील एक मासा होता: आपल्या बोंबलाचा चुलतभाऊ. ज्या बोंबलावाचून कोकणातल्या कित्येक घरांचा पावसाळा सरत नाही, त्याच कुळातील एक शाखा काळोख्या पाण्यात नांदते आहे, हे किती जणांस ठाऊक असेल? घरच्या माणसाचा दूरदेशीचा नातलग असावा आणि त्याचे नावही आपल्यास माहीत नसावे, तसेच हे झाले.

‘ज्याचे कालवण होत नाही, त्या माशाच्या नावाची उठाठेव कशास?’ असा प्रश्न व्यवहारी माणूस करील, आणि तो अप्रस्तुत नाही. त्याचे उत्तर बंदरावरच मिळते. १९३८ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन बंदरात एका ट्रॉलरच्या मासळीच्या ढिगात निळसर रंगाचा एक अपरिचित मासा तेथील छोट्या संग्रहालयाच्या व्यवस्थापिका मार्जरी कोर्टनी-लॅटिमर यांच्या दृष्टीस पडला. तो सीलाकांथ होता, ज्याचे कुळ कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झाले असे विद्वान समजत होते. बाईंनी तो ओळखला नाही, पण टाकूनही दिला नाही. शीतगृह मिळेना, म्हणून त्याचे कातडे पेंढा भरून राखावे लागले. आतले अवयव गेले ते गेलेच. प्राध्यापक स्मिथ यांनी १९३९ साली त्याचे वर्णन केले आणि नावात बाईंचे नाव गुंफले. दुसरा नमुना मिळावयास १९५२ साल उजाडले. तो कोमोरो बेटांपाशी मिळाला. आणि तेथल्या कोळ्यांस हा मासा पूर्वीपासून ठाऊक होता, त्यांचे त्यास ‘गोंबेसा’ असे नावही होते! विद्वानांनी चौदा वर्षे ज्याची वाट पाहिली, तो कोळ्यांच्या गळास अधूनमधून लागतच होता. विचारावयास कोणी गेले नव्हते, इतकेच.

अशी बंदरे आपल्याकडेही आहेत. केरळातील शक्तिकुलंगरा बंदरात खोल समुद्रातील कोळंबीसाठी जाणारे ट्रॉलर परततात. तेथे मिळालेल्या नमुन्यांवरून भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासकांनी २०२४ साली मुशीच्या एका नव्या जातीचे, ‘स्क्वेलस हिमा’चे, वर्णन प्रसिद्ध केले. या वर्गातील मुशींना यकृतातील तेलासाठी जगभर मागणी आहे. म्हणजे नाव नव्हते तेव्हाही धंद्यात ती एखाद्या बहिणीच्या नावाने मोजली जात असणे सहज शक्य होते. जी वेगळी म्हणून मोजलीच जात नाही, ती कमी झाली हे कोणाच्या ध्यानात यावे? व्हेल शार्क या अजस्र माशास २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालता आले, कारण त्यास घालावयास एक निश्चित नाव होते. कायदा वर्णनावर चालतो. अनामिकास न्यायालयात उभे राहता येत नाही.

आणि आता खोल समुद्राच्या तळाशी माणसाचा हात पोहोचू लागला आहे. गोव्याच्या दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी ‘गवेषणी’ जहाजावरून २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरचा पहिला बहुधात्वीय गोळा वर काढला, ही गोमंतकास भूषणावह घटना होय. या गोळ्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट आहे. त्यांच्या समन्वेषणासाठी भारताने २००२ साली आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला. मध्य हिंदी महासागरातील ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र त्याखाली येते. २०२१ साली ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेस मंजुरी मिळाली, आणि तीन माणसांना सहा हजार मीटरांपर्यंत नेणारी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी त्या मोहिमेतूनच आकारास आली. देशास धातूंची गरज आहे हे आम्ही नाकारीत नाही. त्या मोहिमेत जीवसृष्टीच्या अभ्यासास स्थान आहे, हेही मान्य. तथापि ज्या जमिनीवर घर बांधावयाचे तिथला सात-बारा आधी पाहतात, तेथे कोण राहते याची चौकशी करतात. समुद्रतळाचा सात-बारा अजून लिहून पुरा व्हावयाचा आहे. तो पुरा होण्याआधी तेथे नांगर फिरला, तर काय गेले हे सांगावयासही शब्द उरणार नाहीत.

हिरण्यकेशीच्या माशास देऊळ होते, भाविक होते, गाव होते. नाव मिळताच त्याच्या बाजूने उभे राहणारी माणसे तयार होती. काळोखात राहणाऱ्या माशास यांपैकी काहीच नाही. त्याच्या वाट्यास येऊ शकते ते केवळ वर्णन, आणि ते करणारी माणसे आज फार थोडी आहेत. वर्गीकरणशास्त्र हे आमच्या विद्यापीठांतून जुनाट समजले जाऊ लागले आहे. मणके मोजणाऱ्यास ना प्रतिष्ठा, ना नोकरी.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. वास्को, मालिम, मालवण, रत्नागिरी, कारवार अशा प्रत्येक मोठ्या मासेमारी बंदरावर एक शीतपेटी, एक वजनकाटा, एक छायाचित्रयंत्र आणि ते सांभाळणारा एक प्रशिक्षित तरुण असावा. जाळ्यात आलेला जो मासा तांडेलाने पूर्वी पाहिला नाही, तो कोंबड्यांच्या खाद्यात किंवा खतात जाण्यापूर्वी तेथे ठेवला जावा; आणणाऱ्यास त्याचा मोबदला मिळावा आणि पुढे नाव ठेवण्याची वेळ आली, तर त्याच्या गावाचे स्मरण व्हावे. समुद्रकाठच्या व घाटावरच्या महाविद्यालयांनी या कामासाठी विद्यार्थी द्यावेत. घाटावरच्या म्हणण्याचे कारण आहे. काकतीच्या पुढे महामार्गालगत राणी चन्नम्मेच्याच नावाचे विद्यापीठ उभे आहे. मार्कंडेयाच्या ओढ्यातील मासे मोजावयास शिकलेला विद्यार्थी उद्या महासागराचेही मासे मोजू शकेल. शिस्त दोन्हीकडे एकच लागते.

माशाचे वर्णन म्हणजे त्याच्यावर मालकी सांगणे नव्हे. तो आहे, एवढी साक्ष देणे होय. ज्या समाजाने किनाऱ्यावरील प्रत्येक जिवास नाव देण्याइतकी जवळीक राखली, त्यास ही साक्ष जड जाऊ नये. खोल पाण्यातल्या त्या अनामिक शेजाऱ्यांचा पाळणा रिकामा राहिला आहे. तो हलविण्यास आपण उशीर करू नये, इतकेच आमचे सांगणे आहे.