माहीत असलेली लढाई खेळायची कशी?

आजचा विषय तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला शोभत नाही, असं घरातूनच ऐकून आलो आहोत. रणगाड्यांची इवलीशी मॉडेलं टेबलावर मांडून खरोखर झालेली लढाई पुन्हा खेळायची, हा तो विषय. गेल्या पावसाळ्यात आम्ही चार निवृत्तांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर असल उत्तरची लढाई तीनदा खेळली. तिसऱ्यांदा कुठे ती थोडीफार जमली. आधीच्या दोनदा का फसली, ते आज आपण पाहू.

आधी लढाई. सप्टेंबर १९६५, पंजाबात खेमकरणच्या जवळ. समोर पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन, तिच्याकडे अमेरिकन पॅटन रणगाडे. आपल्या बाजूला मेजर जनरल गुरबक्षसिंग यांची चौथी माउंटन डिव्हिजन आणि तिच्या मदतीला तीन प्रकारचे रणगाडे : थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन, एट्थ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स, आणि डेक्कन हॉर्सचे दुसऱ्या महायुद्धातले म्हातारे शर्मन. डेक्कन हॉर्सचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, आपले अलिबागचे, पुढे लष्करप्रमुख झालेले. या लढाईसाठी त्यांना महावीरचक्र मिळालं. असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालाच्या आकारात आपलं सैन्य बसलं होतं, उसात लपून. कालव्यांचं पाणी शेतात सोडलेलं. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पॅटन त्या नालात शिरत गेले, चिखलात मंदावले, काही रुतले, आणि जवळून मारले गेले. भारतीय मोजणीप्रमाणे ९७ रणगाडे पाकिस्तानने तिथे गमावले. पकडलेले रणगाडे जिथे मांडून ठेवले, त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले.

आता हे टेबलावर आणायचं. आम्ही १:२८५ हे प्रमाण घेतलं. त्यात पॅटनचा सांगाडा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, बोटाच्या पेरावर मावणारा. पण जमीनही त्याच प्रमाणात धरली तर आमचं सहा फुटी टेबल म्हणजे फक्त अर्धा किलोमीटर! तेवढ्यात कसली लढाई? म्हणून जमिनीला वेगळं प्रमाण : एक सेंटिमीटर म्हणजे वीस मीटर. टेबल साडेतीन किलोमीटरच्या वर गेलं. बरं झालं म्हणावं, तर आता एक रणगाडा पन्नास मीटर जागा अडवून बसला. मग एक मॉडेल म्हणजे तीन रणगाड्यांची तुकडी, असं ठरवलं. म्हणजे पहिल्या तासातच आपण तीन सोयीस्कर खोट्या गोष्टी मान्य करून बसलो. नकाशा काढणाराही हेच करतो, त्यात वावगं काही नाही. उसासाठी मात्र झकास युक्ती सापडली. काथ्याचं जुनं पायपुसणं कापलं. त्याची उंची सेंटिमीटरभर, आणि उभा ऊस या प्रमाणात तेवढाच येतो. रणगाडा आत ठेवला की दिसेनासा होतो. (पायपुसण्याचा हिशेब घरी अजून द्यायचा आहे.)

पहिला खेळ. पॅटनची बाजू आमच्या एका मित्राकडे, आयुष्यभर बँकेत कर्जाचे कागद तपासलेला माणूस. तो उसाच्या दिशेला फिरकेचना. लांब थांबला आणि दुरून तोफा मारत राहिला. का? तर म्हणे, "मी काय वेडा आहे? तिथे पाणी आहे, आत सेंच्युरियन आहेत." बरोबरच आहे. पण हे त्याला पुस्तकामुळे ठाऊक होतं. त्या सप्टेंबरातल्या रणगाड्यात बसलेल्या माणसाला ते कुठून ठाऊक असणार?

कॉलिंगवूड नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ होता. त्याचं म्हणणं, इतिहास समजून घेणं म्हणजे त्या माणसाचा विचार आपल्या मनात पुन्हा करणं. आम्ही हे वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. पण त्यातली गोम या टेबलापाशी कळली. दुसऱ्याचा विचार पुन्हा करायचा, तर त्याचं अज्ञानही पुन्हा मिळवावं लागतं. आणि शिकलेलं विसरायचं कसं, याची शाळा कुठे आहे?

प्रशियन सैन्याने यावर १८२४ च्या सुमाराला तोडगा काढला होता. राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याच्या युद्धखेळात खरा पट पंचाजवळ असे, आणि खेळाडूंना तो फक्त त्यांना दिसू शकेल तेवढंच सांगे. आम्ही तेच केलं, आणि थोडी लबाडीही. गावांची नावं बदलली, नकाशा उलटा फिरवला, रणगाड्यांना वेगळा रंग दिला, आणि लष्करी इतिहासाचा गंध नसलेल्या मित्राला पॅटन दिले. त्याला सांगितलं, तुमचे रणगाडे भारी आहेत, समोरचे जुने आहेत, पुढे शहर आहे. सगळं खरंच होतं. तो थेट उसात शिरला. तिसऱ्या चालीला आम्ही "रुतला" म्हणालो, तर भडकला. "पाणी होतं हे आधी का नाही सांगितलं?" असा रागावलेला माणूस पाहून आम्हाला इतका आनंद कधी झाला नव्हता! पण खेळ पुन्हा फसला, कारण पुढे तो रुसून फासेच टाकेना.

तिसऱ्यांदा लढाई बरीचशी लढाईसारखी झाली. तरी एक गोष्ट अडली, आणि ती अजून सुटलेली नाही. अब्दुल हमीद. फोर ग्रेनेडियर्सचे हवालदार, जीपवर बसवलेली रिकॉइललेस तोफ. १० सप्टेंबरला त्यांनी पुढचा रणगाडा उडवला, झटकन जागा बदलली, दुसरा पेटवला. तोवर शत्रूला जीप दिसली होती. तरी ते आणखी एकावर नेम धरून राहिले आणि तिथेच पडले. परमवीरचक्र मरणोत्तर मिळालं.

या जीपला नियमात किती बळ द्यायचं? जीपला चिलखत नाही, तोफ उडाली की मागे धुळीचा लोट उठतो, जागा उघडी पडते. प्रामाणिक नियम लिहिला तर पहिल्या-दुसऱ्या गोळ्यालाच जीप जाते. आम्ही फासे टाकून पाहिले, बहुतेक वेळा तसंच झालं. मग एकजण म्हणाला, या जीपला जास्त गुण द्या. दिले. लगेच ती जीप रणगाडे सहज मारू लागली, आणि तिथे बसलेल्या माणसाने काही विशेष केलं असं वाटेनाच. शौर्य नियमात घातलं की ते यंत्राचा गुण होतं. नियमाबाहेर ठेवलं तर टेबलावर ते घडतच नाही. बँकवाले मित्र म्हणाले, "मग ती जीप ठेवूच नका." तेही पटेना. या लढाईतून तोच माणूस वगळायचा?

शेवटी जीप ठेवली, प्रामाणिक नियमानेच. तिसऱ्या खेळात दुसऱ्या चालीला ती गेली. मित्राने ती उचलून डब्यात टाकायला हात पुढे केला आणि मध्येच थांबला. मग उसाच्या कडेला, होती तिथेच परत ठेवली. पुढच्या सगळ्या चाली आम्ही तिला वळसा घालून खेळलो.