वुजूला चालेल असे घड्याळ

तरावीहची नमाज संपली की रमजानचा बाजार खऱ्या अर्थाने जागा होतो. शेवया, अत्तर, टोप्या, चपला यांच्या गर्दीत घड्याळाच्या दुकानासमोरही तरुण पोरे रेंगाळताना दिसतात. ईदला नवे कपडे घरचे करतातच. पहिल्या कमाईतून घेतलेल्या घड्याळाची गोष्ट मात्र निराळी.

पंधराव्या रोजाच्या रात्री असाच एक तरुण अब्बांना घेऊन दुकानात आला. नोकरीला सहा महिने झालेले, जमवलेले साडेतीन हजार रुपये खिशात आणि मोबाइलमध्ये एका सोनेरी घड्याळाचा फोटो. एका महागड्या परदेशी घड्याळाची ती ‘फर्स्ट कॉपी’ होती, किंमत जेमतेम बाराशे. अब्बांनी फोटो पाहिला आणि एवढेच विचारले, “सोनेरी आहे ते राहू दे. वुजूचं काय?”

नमाजापूर्वी हात, तोंड, पाय धुण्याचा विधी म्हणजे वुजू. त्यात हात कोपरापर्यंत धुवावे लागतात आणि घट्ट घड्याळाखालची कातडीही कोरडी राहून चालत नाही. म्हणून घड्याळ काढावे लागते, निदान सरकवावे तरी लागते. दिवसातून पाच वेळा धरले तरी वर्षाला अठराशेहून जास्त वेळा! चामड्याचा पट्टा एवढी काढघाल आणि ओलावा फार दिवस सोसत नाही. आधी भोके फाटतात, मग घामाचा वास धरतो. अब्बांच्या हातावर आजही जुने चावीचे एचएमटी आहे. वुजूला बसताना ते न चुकता खिशात जाते. एकदा हौदाच्या कट्ट्यावर विसरले, तेव्हा इशाच्या नमाजानंतर कुणीतरी घरी आणून दिले होते.

दुकानदार काकांना हे सगळे पाठ आहे. त्यांचे निम्मे गिऱ्हाईक मोहल्ल्यातलेच. त्यांनी एक घड्याळ उलटे करून मागच्या झाकणावरची अक्षरे दाखवली. “तीस मीटर लिहिलंय म्हणून घालून पोहायला जाऊ नको. हा आकडा कारखान्यातल्या दाबाच्या चाचणीचा. तीस मीटर म्हणजे पावसाचे, नळाचे शिंतोडे चालतील. तुला निदान पन्नास मीटरचं बघ.” शंभर मीटरचे मिळाले तर उत्तमच. पण कोणतेही घेतले तरी चावी पूर्ण आत दाबलेली हवी. सेल बदलताना झाकणाखालचे रबरी कडेही तपासून घ्यावे. ते नीट बसले नाही, तर झाकणावरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

मुलाच्या मनात ऑटोमॅटिक घड्याळ होते. हाताच्या हालचालीने चावी भरते, सेल लागत नाही, याचे आकर्षण कोणालाही वाटेल. पण साध्या ऑटोमॅटिक घड्याळात दिवसाला वीस-तीस सेकंदांचा फरक पडू शकतो. दहा दिवस काटे जुळवले नाहीत, तर तीन ते पाच मिनिटे इकडेतिकडे. रोजेदाराला हा फरक मोठा आहे. सूर्यास्ताच्या मिनिटभर आधी रोजा सोडला तरी दिवसभराचा उपवास वाया जातो. सेहरीचा शेवटचा घोटही वेळ पाहूनच घ्यावा लागतो. मुंबई आणि नागपूरच्या सूर्यास्तात साधारण 25 मिनिटांचे अंतर असते, म्हणून प्रत्येक गावाचे वेळापत्रक वेगळे छापले जाते. मिनिटांनी छापलेल्या त्या वेळापत्रकाला मिनिट सांभाळणारे घड्याळच हवे.

इथे साधे सेलवरचे क्वार्ट्झ घड्याळ भारी पडते. त्यातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि महिन्याभरात फरक पडतो तो पंधरा-वीस सेकंदांचा. 1969 मध्ये जपानच्या सेइको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आज तेच तंत्र सर्वांत स्वस्त आहे. भारतात 1961 पासून सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीने घराघरांत चावीचे घड्याळ पोहोचवले. 1984 मध्ये स्थापन झालेल्या टायटनने क्वार्ट्झवर भर दिला आणि बाजार पालटला. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय 2016 मध्ये झाला. आता जुन्या एचएमटीची हौस पुन्हा वाढली आहे. पण नवी तबकडी छापून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेले नगही ‘जुने’ म्हणून विकले जातात. पारखी माणूस सोबत नसेल, तर पहिले घड्याळ म्हणून त्या वाटेला न गेलेले बरे.

साडेतीन हजारांत मग काय पाहायचे? नावाजलेल्या कंपनीचे क्वार्ट्झ, शिक्का मारलेले गॅरंटी कार्ड, स्टीलची केस. पट्टा स्टीलचा आणि एका दाबात उघडणारा असावा. मापाला बसवताना काढलेल्या कड्या दुकानातून मागून घ्याव्यात. तबकडी मनगटाच्या बाहेर जाऊ नये. बारीक हाताला 36 ते 40 मिलिमीटर पुरेसे. पट्ट्याची रुंदी 18, 20 किंवा 22 मिलिमीटर असेल, तर दुसरा पट्टा कुठेही मिळतो. काटे अंधारात चमकत असतील, तर सेहरीला दिवा न लावता वेळ कळते. तबकडीवर छोट्या तबकड्यांचे नुसते चित्र असेल, तर त्या चित्राचे पैसे देऊ नयेत. सोन्याचा प्रश्न तर पुरुषांसाठी येतच नाही. इस्लाममध्ये त्यांना सोने वर्ज्य आहे.

काकांनी तीन घड्याळे काचेवर मांडली. मुलाने पांढऱ्या तबकडीचे, तारीख-वार दाखवणारे स्टीलचे घड्याळ उचलले. किंमत तीन हजारांच्या आतच होती. त्याहून भारी एक घड्याळ हप्त्यांवर मिळत होते. पण त्या हप्त्यांत व्याज होते, म्हणून अब्बांनी तिकडे पाहिलेही नाही.

उरलेल्या पैशांचे काय, हे मुलाने विचारण्याआधीच अब्बा म्हणाले, “घरातल्या सगळ्यांचा फितरा यंदा तू काढ.” ईदच्या नमाजाआधी गरिबाच्या घरी पोहोचायला हवे, असे हे दान. मुलाने मान हलवली. अब्बांच्या एचएमटीकडे पाहून त्याने नव्या घड्याळाचे काटे लावायला घेतले. अब्बांनी हात मागे घेतला. “माझ्यावर नको लावूस, हे दोन मिनिटं मागं आहे,” ते म्हणाले. काकांनी मोबाइलवरची वेळ वाचून दाखवली आणि मुलाने चावी आत दाबली.