पांढरं म्हणजे पाऊसच असं नाही

उपग्रहाचं चित्र घरी उतरवायला मोठी तबकडी लागत नाही. ॲल्युमिनियमच्या साधारण 53 सेंटिमीटरच्या दोन काड्या, यूएसबीचा एसडीआर रिसीव्हर आणि लॅपटॉप पुरतो. गच्चीवर काड्या आडव्या धरायच्या, मध्ये 120 अंशांचा कोन ठेवायचा आणि ‘व्ही’चं तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे करायचं, कारण उपग्रह ध्रुवाकडून ध्रुवाकडे जातो. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान संस्थेचे जुने, टिकटिक करत चित्र पाठवणारे उपग्रह 2025 मध्ये बंद झाले. आता 137 मेगाहर्ट्झच्या आसपास रशियाच्या ‘मेटिऑर-एम’ची वाट पाहायची. ‘सॅटडम्प’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

उपग्रह सुमारे 820 किलोमीटर उंचावरून जातो, हाती पंधराच मिनिटं असतात. सुरुवातीला पडद्यावर सिग्नलच्या ठिपक्यांचा नुसता धुरळा दिसतो. उपग्रह वर चढला की त्यातून चार पुंजके सुटे होतात आणि ओळीमागून ओळ चित्र उतरू लागतं. तो इमारतीआड गेला की काळी पट्टी! माझ्या पहिल्या चित्रात श्रीलंका वर आणि हिमालय खाली होता. अँटेना उलटी लागली असं वाटून मी ती दोनदा फिरवली. उपग्रह दक्षिणेकडून आला होता, एवढंच.

खरं काम पुढे आहे. दृश्य प्रकाशाच्या चित्रात जाड ढग पांढरा दिसतो, अवरक्त चित्रात थंड ढग. म्हणून दोन्ही शेजारीशेजारी ठेवायची. जानेवारीत सकाळी गंगेच्या मैदानावरचं धुकं पहिल्यात दुधासारखं पसरलेलं असतं, हिमालयाच्या पायथ्याशी कापल्यासारखं थांबतं. दुसऱ्यात ते जवळजवळ नाहीसंच होतं, कारण त्याचं तापमान जमिनीइतकंच असतं. उंचावरच्या विरळ तंतुमेघांचं उलट: अवरक्तात लख्ख, दृश्यात मात्र त्यांच्याआडून किनारा दिसतो. दोन्हींत पांढराशुभ्र असेल तो गडगडाटी ढग. पावसाळ्यात त्याचा माथा पश्चिमेला ओढलेला दिसतो. खाली वारा समुद्राकडून येत असला तरी वर तो पूर्वेकडून वाहतो.

सह्याद्री मात्र या हिशेबात बसत नाही. जुलैत घाटमाथ्यावरचे ढग पुष्कळदा बुटके आणि उबदार असतात. अवरक्त चित्रात तिथे मळकट करडा रंग दिसतो आणि खाली पाऊस नुसता कोसळत असतो.