पायाचा रंग

येडूर-कल्लोळ बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, उसाच्या कडेला उकिडवा बसलोय. जानेवारी आहे, नुकतं उजाडलंय. बंधाऱ्याला बरगे घातलेत, त्यामुळे वर कृष्णा तुडुंब आणि खाली नुसती रेव नि गाळ. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रेलर ओढत, कन्नड गाणं वाजवत वरून जातो.

समोर पाच पाखरं. तुरुतुरु धावतात, थबकतात, टोच मारतात, पुन्हा धावतात. चार ओळखीची, कंठेरी चिखल्या : गळ्यात अखंड काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं. पाचव्याचा पट्टा मात्र छातीवर तुटलेला, दोन बाजूंना नुसते तपकिरी डाग. केंटिश चिखल्या असेल? तो मुळात पुळणीवरचा पक्षी. लिनियसनं १७५८ मध्ये त्याला नाव दिलं तेही अलेक्झांड्रियाचं. इथून समुद्र शंभर किलोमीटरच्या वर. हिवाळ्यात तो आतल्या नद्या-तलावांवरही उतरतो, हे खरं. पण कंठेरीच्या तरण्या पिल्लाचाही पट्टा असाच तुटका दिसतो, आणि डोळ्याचं कडंही फिकं.

म्हणजे पाय बघायचे. केंटिशचे काळसर, कंठेरीचे पिवळट. दुर्बीण खाली नेतो, तर पाचही जणांचे पाय गाळानं काळे! माझं मलाच हसू येतं.

मागून आवाज येतो, ‘‘काय बघालायसा?’’ खांद्यावर खुरपं, डोक्याला टॉवेल.

‘‘पाखरं, मामा.’’

ते डोळे बारीक करतात. ‘‘टिटवीची पिल्लं हायत ती. हितंच दगडात अंडी घालत्यात.’’

टिटवीही चिखल्यांच्याच गोतातली, तेव्हा मामा अगदीच चुकले नाहीत. मी दुर्बीण पुढे करतो. ते उलटी धरतात, परत देतात.

पाचवा आता रेव सोडून नितळ पाण्यात उतरतो. चार पावलं, पाच. गाळ सुटतो. पाय बाहेर येतात ते काळेच. तरी मी वहीत लिहीत नाही. अजून एक खूण उरलीय.

मामा खोकतात. पाचही उडतात. चौघांचे पंख वरून सपाट तपकिरी. मागं राहिलेल्याच्या पंखावर मात्र लांबलचक पांढरी रेघ, खडूनं ओढावी तशी. पाण्यालगत वळण घेऊन तो पलीकडच्या गाळावर टेकतो.

‘‘उडालं बघा पिल्लू,’’ मामा म्हणतात, आणि उसात शिरतात.