राखणीच्या कुत्र्याला लस किती दिवसांनी?

"पिल्लू असताना टोचलंय, आता कशाला?" असं म्हणू नका. लशीचा जोर कायम टिकत नाही.

▪ रेबीज: 3 महिन्यांचं झालं की पहिली, डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, पुढे दरवर्षी. चुकवू नका.
▪ लेप्टो: उंदीर, भातखाचर, साचलेलं पाणी असेल तिथे दरवर्षी.
▪ पार्व्हो, डिस्टेंपर: पिल्लाचे डोस व वर्षाचा बूस्टर पूर्ण असेल तर पुढे साधारण 3 वर्षांनी. डॉक्टरांना विचारून ठरवा.

पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या.

कुत्रा चावला तर, अगदी घरचा असला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर इलाज नाही.